‘मुलांनी ठेवलं का गं?’ : ज्येष्ठांच्या संकुलातली तीन वर्षं

वाड्यातली
१५ जून, सकाळी ११.४०

मागच्या आठवड्यात लक्ष्मी रोडला अस्तराचं कापड घ्यायला गेले होते, तिथे शाळेतली मैत्रीण भेटली. पन्नासेक वर्षांनी. "सध्या कुठे असतेस?" म्हणाली. सांगितलं, सिंहगड रस्त्याला, धायरीच्या पुढे, ज्येष्ठांच्या संकुलात. तिचा चेहरा असा काही उतरला की दुकानदाराने तिच्यापुढे पाण्याचा ग्लास धरला. मग माझा दंड दाबून हळूच म्हणाली, "मुलांनी ठेवलं का गं?"

तिथे उत्तर द्यायचं राहून गेलं, कारण अस्तराचा रंग जुळत नव्हता. म्हणून इथे लिहिते.

मुलांनी ठेवलेलं नाही. आम्ही आलो. सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडून इमारत झाली, त्यात चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. लिफ्ट होती, पण महिन्यातले चार दिवस तिची तब्येत आमच्यापेक्षा वाईट. ह्यांच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली तेव्हा एकोणीस दिवस आम्ही खाली उतरलो नव्हतो. ठाण्याला लेकीकडे दोन महिने राहून पाहिलं. लेक-जावई सोन्यासारखे. पण सकाळी नऊला सगळे बाहेर पडले की रात्री आठपर्यंत आम्ही दोघं आणि टीव्ही. बाविसाव्या मजल्यावर कावळासुद्धा येत नाही. पितृपक्षात काय करता विचारलं तर जावई म्हणाले, खाली पार्किंगमध्ये ठेवून येतो.

मग शोधाशोध केली, पेठेतली जागा विकली, इथे आलो. बंगळुरूहून मुलगा आला आणि सामान लावताना रडला. त्याची समजूत पटायला सहा महिने लागले. आमची दोन आठवड्यांत पटली.

उगाच गोडगोड लिहिणार नाही. इथे सकाळी सहाला हास्यक्लब असतो. मला खोटं हसायला जमत नाही, पण शेजारचे कर्नलसाहेब खोटं हसताना पाहिले की खरं हसू येतं, म्हणून जाते. वाचनालयात तीन वर्तमानपत्रं येतात. शब्दकोडं कुणीतरी सात वाजायच्या आत पेनाने भरून ठेवतं, आणि तेही चुकीचं. तीन वर्षं झाली, गुन्हेगार सापडलेला नाही. सव्वाबाराला जेवणाची घंटा. एक ते चार पुण्याचा धर्म पाळला जातो. चारला चहा, मग कुणी पत्ते, कुणी भजन, कुणी नुसतेच बाकावर. दर गुरुवारी पाचला ‘आठवणींचा गुरुवार’. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी मध्ये बोलायचं नाही. दुसरा नियम आजवर एकदाही पाळला गेलेला नाही.

आणि एक बिल्ला असतो. रात्री झोपताना दाराबाहेरच्या खुंटीला लाकडी बिल्ला अडकवायचा, सकाळी उठलं की आत घ्यायचा. आठनंतर बाहेर दिसला तर सुरक्षारक्षक बेल वाजवतो. उत्तर नाही आलं तर फोन, तरी नाही तर कचेरीतली दुसरी किल्ली. पहिल्या दिवशी हे ऐकलं तेव्हा पोटात गोळा आला होता. आता दात घासायच्या आधी हात तिकडे जातो.

काय विचारायचं ते विचारा.


निमपुणेकर
१५ जून, दुपारी १२.०५

मूळचा सोलापूरचा, तीस वर्षं पुण्यात. पहिला आणि शेवटचा प्रश्न : आमटीत गूळ घालतात का?


वाड्यातली
१५ जून, दुपारी १२.३०

घालतात. गोडा मसाला, चिंच, गूळ. त्यावरून भोजन समितीच्या दोन बैठका झाल्या आहेत. तुमच्याकडच्या एक वहिनी आहेत, त्या शेंगदाण्याच्या चटणीचा डबा पदरात लपवून आणतात आणि आमटीत कालवतात. आता सोमवार-गुरुवार लसणाची फोडणी दिलेलं वरण असतं. बुधवारी कांदा-लसूण मसाल्याची उसळ झाली तेव्हा चौघांनी डबा परत पाठवला, तिघांनी दुसऱ्यांदा मागवली. लोकशाही आहे.


रोखठोक_नाना
१५ जून, दुपारी ३.१५

(हो, एक ते चार झोपलो नाही.)

लेख छान. पण वृद्धाश्रमाला बाग आणि बॅडमिंटन कोर्ट लावलं की संकुल होतं, एवढंच ना? ज्यांच्याकडे पेठेतली जागा विकायला आहे त्यांचं ठीक. बाकीच्यांनी काय करायचं? कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान पेन्शन २०१४पासून १००० रुपये आहे. महिन्याला. त्यात तुमच्याकडे आठवडाभराचा चहा तरी येईल का?


वाड्यातली
१५ जून, दुपारी ४.२०

नाना, येणार नाही. यावर माझ्याकडे उत्तर नाही. आमच्याकडे जेवण वाढणाऱ्या मावशी माझ्याच वयाच्या आहेत. त्या वडगावहून सकाळी सातला येतात. हे रोज दिसतं आणि रोज टोचतं. पण ‘मुलांनी ठेवलं’ हा आरोप आणि ‘परवडणाऱ्यांनाच मिळतं’ हा आरोप, दोन्ही एकाच वेळी माझ्यावर ठेवू नका. एक कुठला तो ठरवा.

महिन्याचा आकडा इथे लिहीत नाही, व्यक्तिगत निरोप पाठवा.


कलम_दरकलम
१५ जून, रात्री ९.५०

वकिली केली, आता निवृत्त. अशा जागा बघणाऱ्यांसाठी थोडं.

आधी विचारा, काय विकत घेताय? काही ठिकाणी खरेदीखत होतं, जागा तुमच्या नावावर, वारसांना जाते. काही ठिकाणी मोठी अनामत आणि हयातीपुरता राहण्याचा हक्क. दोन्हीत वाईट काही नाही, पण माहितीपत्रकातली हिरवी झाडं बघून सही करणारे लोक कोणता करार होता तेच विसरतात. दोघांपैकी एक गेल्यावर दुसऱ्याचं काय, अंथरुणाला खिळल्यावर तिथेच ठेवतात की न्यायला सांगतात, आणि मासिक शुल्क कोण, किती वाढवू शकतं, ही तीन उत्तरं लेखी घ्या. तोंडी सगळेच गोड बोलतात.

महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाने, २०२४मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत. दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, म्हणजे चाकाची खुर्ची अडकत नाही. लिफ्टमध्ये आवाजाने आणि दिव्याने सूचना. जागा बघायला जाताना टेप घेऊन जा. विक्रेता हसेल, हसू द्या.

दुसरं, या धाग्याशी थेट संबंध नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मुलांच्या नावावर घर करून देणार असाल तर बक्षीसपत्रात ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ असं लिहा. २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ त्या अटीवर उभं आहे. सांभाळ केला नाही तर न्यायाधिकरण ते हस्तांतर रद्द ठरवू शकतं. अट लिहिली नसली की मग भांडत बसावं लागतं. "आमचा मुलगा तसा नाही" असं म्हणत आलेल्या अशिलांनी माझं घर चालवलं.


तळमजला
१६ जून, सकाळी ६.५५

वाड्यातली बाईंच्याच संकुलात राहतो. त्यांनी बरंचसं खरं लिहिलं आहे, पण निम्मं गाळलं आहे.

सौरपाणी पावसाळ्यात कोमट येतं. करमणूक समितीत आठ जण आहेत आणि नऊ गट. डॉक्टर दिवसातून दोन तास येतात, रात्री फक्त परिचारिका आणि रुग्णवाहिकेचा नंबर. सिंहगड रस्त्याच्या वाहतुकीत रुग्णवाहिका म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको. शिवाय दर दोन-तीन महिन्यांनी फलकावर एक फोटो आणि हार असतो. तरुण सोसायटीत माणूस वर्षातून एकदा मरण बघतो. इथे नावं पाठ होईतो माणूस जातं. पहिल्या वर्षी मी तीन महिने जेवायला खाली गेलो नाही, डबा वर मागवत होतो. हेही लिहा बाई.

कोडं मी सोडवत नाही. स्वतःच्या घरात चौकशी करा.


वाड्यातली
१६ जून, सकाळी ८.३०

तळमजला, तुम्ही कोण ते कळलं. (कोमट पाण्यावरून कळलं.)

ते तीन महिने मला आठवतात. तुम्ही फोटोबद्दल लिहिलंत ते मी गाळलं होतं, बरोबर आहे. लिहिते. मागच्या मार्गशीर्षात आमच्या मजल्यावरच्या माई गेल्या. बिल्ला आठनंतर बाहेर होता. मीच शेजारी, म्हणून रक्षकाबरोबर मी आत गेले. गॅसजवळ चहाचं आधण मोजून ठेवलेलं होतं, दोन कप. त्या एकट्या राहायच्या. दुसरा कप माझा. साडेसातला मी जायची रोज, त्या दिवशी मला उठायला उशीर झाला होता.

पुढे यावर काही लिहीत नाही.

कोड्याबद्दल ह्यांना विचारलं. चष्मा शोधायला गेले आहेत, अजून आले नाहीत.


हात_धरून_चाला
१६ जून, रात्री १०.१०

मी फिजिओथेरपिस्ट, वय २८, अशा दोन ठिकाणी आठवड्यातून तीनदा जाते. धागा वाचून राहवलं नाही.

संकुल असो की नारायण पेठ, आजी-आजोबा पडतात ते बहुतेक घरातच, आणि त्यातही रात्री बाथरूमला जाताना. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर झोपेतून एकदम उभं राहू नका. उठून पलंगाच्या काठावर मिनिटभर बसा, पाय हलवा, मग उभे राहा. उठल्यावर दाब एकदम उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तेवढ्यात खुब्याचं हाड जातं. बाथरूममध्ये पकडायला भिंतीत पक्का बसवलेला दांडा हवा. टॉवेलची दांडी धरून उठणाऱ्या माझ्या तीन पेशंटच्या हातात ती दांडीच आली. झिजलेल्या सपाता टाकून द्या. टाकवत नसतील तर मला द्या, मी टाकते. आणि गाऊन घोट्याच्या वर.

कसरतीला ‘आता या वयात काय’ म्हणणाऱ्यांना मी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठायला सांगते. तिसऱ्या वेळेला पटतं.


पोस्टातले_अण्णा
१७ जून, सकाळी ७.२०

चांगली माहिती. माझी भर : ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी ऑगस्ट २०२२पासून फुकट आहे, लोक अजून तिकीट काढतात. उलट रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये बंद झाली ती झालीच. आम्हाला ४० टक्के होती, बायकांना ५०. डेक्कन क्वीनला त्या सवलतीत जाऊन कटलेट खाऊन यायची माझी सवय मोडली.

पेन्शनसाठी लागणाऱ्या हयातीच्या दाखल्याचं म्हणाल तर नोव्हेंबरात गर्दी होते, पण ८० वरच्यांना ऑक्टोबरपासून देता येतो. ठसे उमटत नसतील तर वाद घालत बसू नका, मोबाइलवर चेहऱ्यावरून होतो. माझ्या सौ.चा अंगठा दोन वर्षं लागला नाही. पोळ्या लाटून लाटून रेषा पुसल्या. जिवंत समोर उभी, आणि यंत्र म्हणतंय जुळत नाही.


ताकभात
१७ जून, रात्री ११.३०

गेले दोन दिवस हा धागा वाचते आहे. लिहू की नको असं चाललं होतं.

आई ८४ वर्षांची. नारायण पेठेत तिसरा मजला, लिफ्ट नाही, एकटी. मी औंधला. नोकरी, दोन मुलं, सासरे अंथरुणावर. आईला माझ्याकडे यायचं नाही आणि खाली तर आता उतरताच येत नाही. भाजी दोरीला पिशवी बांधून वर घेते. गेल्या वर्षी जिन्यात पडली, पाच टाके. बाबा होते तोवर निभावलं.

धायरीकडची एक जागा मी पाहून आले (बहुतेक तुमचीच असावी, बिल्ल्यावरून वाटतं). आईला फोटो दाखवले. तिने फोन उलटा ठेवला आणि म्हणाली, "एकदा घर सोडलं होतं मी. परत आले तर भिंत नव्हती."

पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला, त्याचं म्हणते आहे ती. १९६१. लग्न होऊन आठ महिने झाले होते. ही गोष्ट मला तुकड्या-तुकड्यांत माहीत आहे, सलग कधी सांगत नाही. घर सोडा असं तिला सांगायची माझी आता हिंमत होत नाही.


रोखठोक_नाना
१८ जून, सकाळी ६.१५

ताकभात, पहिल्या प्रतिसादात मी जरा जास्त बोललो. तुमच्या आईला काही समजावू नका. मी नऊ वर्षांचा होतो, शनिवार पेठेत, नदीपासून हाकेच्या अंतरावर. १२ जुलै. शाळेला निघालो होतो, मधूनच परत पाठवलं. लोक पर्वतीकडे धावत होते. वडील म्हणत होते, अफवा आहे, आधी जेवून घेऊ. आईने ऐकलं नाही, म्हणून मी हे लिहितोय.


वाड्यातली
१८ जून, सकाळी ९.००

नाना, म्हणजे तुम्ही माझ्याच वयाचे! मीही नऊ वर्षांची. आमच्या गल्लीपर्यंत पाणी आलं नाही, पण वाड्यात चार कुटुंबं येऊन राहिली. चौकात चूल, आणि विहिरीवर रांग. खडकवासल्याचं धरणही फुटलेलं, नळाला पाणी कुठून येणार? पुराने बुडालेल्या गावात प्यायला पाणी नाही, हे मला त्या वयात कोडंच वाटायचं. आई सांगायची, तुरटी फिरवून फिरवून हात पांढरे झाले होते.

इथे आल्यावर माझ्या लक्षात आलं ते असं. दर वर्षी जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं की सगळे गच्चीवर जातात. २०२४मध्ये २५ जुलैला नदीकाठच्या एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा तर रात्रभर कुणी झोपलं नाही. आम्ही उंचावर आहोत, धोका काही नव्हता. पण पंच्याऐंशीच्या एक आजी पिशवीत दागिने, औषधं आणि पेन्शनचं पासबुक भरून लिफ्टजवळ बसून राहिल्या. त्यांना कुणी ‘आत चला’ म्हटलं नाही. कर्नलसाहेब खुर्ची आणून शेजारी बसले.

ताकभात, आईंना राहायला आणू नका. सांगायला आणा. १० जुलैला गुरुवार आहे, १२ जुलैच्या आधीचा, म्हणून त्या दिवशी दर वर्षीप्रमाणे पानशेतच. आमच्याकडे ऐकणारे चाळीस, पण पाण्यात खरोखर घर गेलेलं त्यात एकच माणूस. बाकी सगळे ऐकीव.


ताकभात
१८ जून, रात्री ११.००

तिन्ही मजले उतरायचे कसे?


हात_धरून_चाला
१८ जून, रात्री ११.२०

मी येते. जिन्यात मी पुढे, तुम्ही मागे, आणि आजींची घाई नाही. उतरताना अधू पाय आधी, चढताना चांगला. मधल्या प्रत्येक वळणावर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवा.


निमपुणेकर
१९ जून, सकाळी १०.४५

वातावरण जड झालं आहे, म्हणून विचारतो. इतके दिवस तिथे राहून भांडण कशावरून सगळ्यात मोठं झालं?


वाड्यातली
१९ जून, दुपारी १२.००

किल्ल्यावरून.

गेल्या दिवाळीत पुरुषमंडळींनी ठरवलं, बागेत किल्ला करायचा. रक्षकांची मुलं हाताशी. सात जणांत पाच निवृत्त इंजिनिअर, एक भूगोलाचे मास्तर आणि आमचे हे. पहिले दोन दिवस माती उचलली गेलीच नाही, कारण नकाशा चालला होता. गच्चीवरून खरा सिंहगड समोर दिसतो, तरी नकाशा. एकाने पाणीपातळीची नळी आणली. पुणे दरवाजा कुठल्या अंगाला येणार यावरून मास्तर आणि कारखान्यातले माजी व्यवस्थापक यांचं बोलणं बंद झालं. मग खरा प्रश्न निघाला : गडावरचा दूरदर्शनचा मनोरा दाखवायचा की नाही? एक गट म्हणे, शिवकालीन किल्ला आहे, मनोरा कसला. दुसरा म्हणे, आम्ही पन्नास वर्षं जो सिंहगड बघतोय त्याला मनोरा आहे. मतदान झालं. तीन-तीन. सातवे आमचे हे. ते म्हणाले, मला चहा प्यायचाय.

शेवटी रक्षकाच्या आठ वर्षांच्या मुलीने कोल्ड्रिंकची नळी रोवली आणि म्हणाली, हा मनोरा, नको असेल तेव्हा काढता येतो. एवढं पाच इंजिनिअरांना सुचलं नव्हतं. हळीव उगवले, मावळे लावले, आणि पाडव्याला सगळ्यांनी किल्ल्यापुढे फोटो काढला. मास्तर आणि व्यवस्थापक दोन टोकांना.

भोंडला मात्र बिनभांडणाचा. पाटावर हत्ती काढायचा, भोवती फेर. चार चाकाच्या खुर्च्याही फेरात, ढकलायला नाती नसल्या तर परिचारिका. खिरापत ओळखायला तास लागतो, कारण ऐकू कमी येतं. मी विचारलं, "तिखट की गोड?" तर पलीकडून उत्तर, "हो, चार दिवस आहे तोंड." गेल्या वेळी वाटली डाळ होती. तिघींनी श्रीखंड म्हणून सांगितलं. ते ओळखणं नव्हतं, मागणी होती. तिघींनाही मधुमेह.


तळमजला
१९ जून, दुपारी १२.४०

मनोऱ्याच्या बाजूने मी होतो. अजूनही आहे.


पोस्टातले_अण्णा
११ जुलै, सकाळी ८.००

काल गुरुवार होता. काय झालं?


ताकभात
११ जुलै, रात्री १०.३०

सांगते.

आई उतरली. चाळीस मिनिटं लागली, तीन खुर्च्या. खाली आल्यावर रस्त्यात उभी राहून पाच मिनिटं नुसतं बघत होती. चौदा महिन्यांनी जमिनीवर आली होती. भाजीवाल्याला म्हणाली, "पिशवीत मेथी नेहमी वरून चांगली आणि खाली पिवळी असते."

संकुलात वाड्यातली काकूंनी तिला पुढच्या खुर्चीत बसवलं. आधी एक गृहस्थ बोलले, लकडी पुलावरून पाणी कसं गेलं, किती फूट गेलं, पुढे कोणत्या चौकापर्यंत चढलं. आईने मध्येच विचारलं, "तुम्ही कुठे होतात तेव्हा?" ते म्हणाले, "मी मिरजेला होतो." सगळे हसले. मग ती सुरू झाली.

मला माहीत नसलेलं असं की, त्या दिवशी घरात दोघीच होत्या, ती आणि आजी. शेगडीवर दूध होतं. ‘पाणी आलं’ ऐकल्यावर आजीने दूध उतू जायच्या आत खाली उतरवलं, झाकण ठेवलं, देवाला निरांजन लावलं, आणि दाराला कुलूप घातलं. दोन वेळा ओढून पाहिलं. आई म्हणाली, "मी वीस वर्षांची, मला पळायचं होतं, आणि सासूबाई कुलूप ओढून बघतायत." पर्वतीच्या पायथ्याशी दोघी रात्रभर. सकाळी परत आल्या तर नदीकडची भिंत नाही, दार नाही, चौकट नाही. आजी किल्ली हातात धरून उभी.

पुढचं दीड वर्ष गोखलेनगरला पत्र्याच्या अर्धगोल निसन हटमध्ये. उन्हाळ्यात आत बसवत नसे. तिथे शेजारी कुठल्या पेठेतला, कुठल्या जातीचा, कुणी विचारलं नाही म्हणे पहिले सहा महिने. "मग विचारायला लागले," असं म्हणून ती थांबली.

नाना, तुम्ही आला होतात ना? पांढरा शर्ट? ती नंतर विचारत होती, तो पोरगा कोण, जो रडत होता.


रोखठोक_नाना
१२ जुलै, सकाळी ६.००

सर्दी होती.

किल्ली पाहिली मी. आजींनी पर्समधून काढली तेव्हा कुणीच बोललं नाही. पितळी, लांब दांड्याची. तुमच्या आजीने कुलूप घातलं यावर मी दोन दिवस विचार करतोय. माझे वडील जेवायला बसत होते, तुमची आजी कुलूप ओढून बघत होती. माणसं अशीच.


वाड्यातली
१२ जुलै, सकाळी ७.४५

सगळं सांगितलं नाहीस गं. कार्यक्रम संपल्यावर मुसळधार सुरू झाला, सिंहगड रस्ता तुंबला, तेव्हा आईंना पाहुण्यांच्या खोलीत ठेवून घेतलं. एक रात्र म्हणता म्हणता दोन झाल्या. आज सकाळी सव्वाआठला... थांबा, आत्ता पावणेआठच झालेत. कालचं सांगते. काल सकाळी सव्वाआठला त्यांचा बिल्ला बाहेरच. रक्षक नवीन पोरगा, घाबरून मला घेऊन गेला. माझ्या पायातलं बळ गेलं होतं, का ते मागे लिहिलंय. बेल वाजवली. आतून खणखणीत आवाज आला, "जिवंत आहे! दात घासतेय!" दार उघडून त्याला वर झापलं, की एवढ्या सकाळी लोकांच्या दारावर काय उभा राहतोस.

त्याने हसत बिल्ला काढून हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "याला कुलूप नाही?"


ताकभात
१२ जुलै, दुपारी १.१०

आता न्यायला आले आहे. ती चाळीस मिनिटं झाली तरी निघत नाही, कारण जेवणाची वेळ झाली. राहण्याबद्दल तिने काही म्हटलेलं नाही आणि मीही विचारलेलं नाही. एवढंच म्हणाली, पुढच्या गुरुवारी गाडी पाठव, त्या मिरजेच्या गृहस्थांना लकडी पुलाचं काहीही माहीत नाही.


निमपुणेकर
१२ जुलै, दुपारी १.२५

ते सगळं ठीक. आमटी कशी वाटली त्यांना?


ताकभात
१२ जुलै, दुपारी १.५०

"गूळ कमी आहे."